डी.एड., बी.एड.चा ताळेबंद : फी थोडी, प्रतीक्षा महाग

बारावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी या दोन गोष्टी विदर्भातील शेतकरी कुटुंबाच्या डोक्यावर एकाच सुमारास येऊन आदळतात. मेअखेरीस हातात जी काही रक्कम असते, तीतूनच बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्या आणायच्या असतात व मुलामुलींच्या प्रवेशाचे पैसेही भरायचे असतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महागाव तालुक्यात फुलसावंगी व परिसरातील गावे, तांडे आणि वाड्या यांमध्ये हा पेच दरवर्षी नव्याने उभा राहतो. एका बाजूला पुसद आणि उमरखेड, पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यातील माहूर, आणि मधला सगळा मुलूख कापूस-सोयाबीनचा. कारखाने तुरळक. अशा भागात शिकलेल्या मुलाला गावाजवळ राहून, मान राखून, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी कोणती, या प्रश्नाचे उत्तर कित्येक वर्षे एकच होते : मास्तरकी.

उत्तर अजूनही तेच दिले जाते. त्यामागचा हिशेब मात्र पार बदलून गेला आहे आणि तो नव्याने मांडण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. घरात चर्चा होते ती दोनच आकड्यांची. एक, महाविद्यालयाची फी किती. दुसरा, लागल्यावर पगार किती. या दोन आकड्यांच्या मधे जी वर्षे जातात, त्यांचा रकाना कोराच राहतो. आजच्या घडीला या पदविकेचा आणि पदवीचा सर्वांत मोठा खर्च नेमका त्याच कोऱ्या रकान्यात आहे.

सुगीचा काळ आणि नंतरचा दुष्काळ

अध्यापक पदविकेची ओढ उगाच निर्माण झाली नव्हती. राज्यात २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. त्याच सुमारास सर्व शिक्षा अभियान सुरू झाले आणि खेडोपाडी वर्गखोल्या व शिक्षकपदे वाढली. जिल्हा परिषदांच्या भरतीत डी.एड.च्या गुणांना मोल होते. बारावीला चांगले गुण मिळवणारी मुले अभियांत्रिकीकडे न जाता डी.एड.चा अर्ज भरत; दोन वर्षांत पदविका, पुढच्या एक-दोन वर्षांत नेमणूक, असा सरळ रस्ता होता. डी.एड. झालेल्या मुलीचे लग्न जमवताना हुंड्याची बोलणी सौम्य होत, असेही अनुभवी मंडळी सांगतात. मागणी पाहून खासगी अध्यापक विद्यालये भराभर निघाली. दशक संपेपर्यंत त्यांची संख्या राज्यात एक हजाराच्या पुढे गेली होती. दरवर्षी बाहेर पडणारे पदविकाधारक आणि दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा यांचे प्रमाण तेव्हाच बिघडले होते. पण भरती सुरू असल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

२०१० मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या भरतीसाठी सामाईक परीक्षा झाली. त्यानंतर चक्र उलटे फिरले. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात शाळांच्या हजेरीपटाची प्रत्यक्ष पडताळणी झाली, तेव्हा पटावरची मुले वर्गात नाहीत हे उघड झाले. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत संपूर्ण राज्यात पटपडताळणीची मोहीम राबवली गेली. मुले कमी भरली, त्यामुळे मंजूर शिक्षकपदे कमी झाली आणि हजारो शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले. या अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती नको, म्हणून २ मे २०१२ रोजी शासनाने शिक्षकभरतीवर बंदी घातली. काही अपवाद वगळता ही बंदी वर्षानुवर्षे टिकली. पुढे ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून मोठ्या भरतीची पहिली यादी लागली, ती ऑगस्ट २०१९ मध्ये.

मधल्या वर्षांचा अर्थ गावाच्या भाषेत सांगायचा तर असा : २०१० साली बारावी होऊन ज्याने डी.एड.ला प्रवेश घेतला, तो २०१२ मध्ये पदविका हाती घेऊन बाहेर पडला तेव्हा दार नुकतेच बंद झाले होते. ते किलकिले झाले तोवर त्याने पंचविशी ओलांडली होती. त्याच्या पदविकेची फी केव्हाच विस्मृतीत गेली होती. त्याला महाग पडली ती ही सात वर्षे.

अध्यापक विद्यालयांनाही याची झळ बसली. जागा रिकाम्या राहू लागल्या, अनेक विद्यालयांना कुलपे लागली.

आज रस्ता कसा आहे

आजच्या विद्यार्थ्याने प्रथम एवढे समजून घ्यावे, की पदविका किंवा पदवी ही नोकरीची पायरी राहिलेली नाही. ती परीक्षेला बसण्याची परवानगी आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेद्वारे पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक केली. महाराष्ट्रात ती प्रथम १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. १५० गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के गुण लागतात. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. दिलासा एवढाच, की एकदा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आता आजन्म चालते. पूर्वीची सात वर्षांची मर्यादा २०२१ मध्ये उठवण्यात आली.

टीईटी झाली म्हणजे संपले असे नाही. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. नावे इतकी सारखी, की पालकांचा हमखास गोंधळ उडतो. टीईटी ही पात्रतेची, तर टेट ही गुणवत्तायादीची परीक्षा. दोनशे गुणांची ही चाचणी आणि तिच्या गुणांवर ‘पवित्र’मधील निवड. ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम झाली, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये आणि तिसरी मे-जून २०२५ मध्ये. म्हणजे साडेसात वर्षांत तीन वेळा, आणि पहिल्या दोहोंमधील अंतर पाच वर्षांहून अधिक. एसटीची वाट पाहणाऱ्याला निदान वेळापत्रक तरी असते. इथे तेही नाही.

२०२३ च्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. त्या गुणांवर २०२४ च्या आरंभी जी भरती झाली, तिच्यात सुमारे २१ हजार ६०० जागांच्या जाहिराती होत्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लागलेल्या पहिल्या यादीत सुमारे ११ हजार उमेदवारांची शिफारस झाली. जाहीर झालेल्या सगळ्या जागा भरल्या असे मानले, तरी ढोबळ प्रमाण दहात एक. हा आकडा फुलसावंगीच्या प्रत्येक घरात बारावीच्या गुणपत्रिकेशेजारी लिहून ठेवावा असा आहे.

डी.एड. की बी.एड., हा पुढचा प्रश्न. आज अधिकृत नाव डी.एल.एड. असले तरी गावात डी.एड. हाच शब्द रूढ आहे. बारावीनंतर दोन वर्षांची ही पदविका पहिली ते पाचवीसाठी. बी.एड. पूर्वी एका वर्षात होत असे. २०१५-१६ पासून ते दोन वर्षांचे झाले, त्यामुळे बारावीनंतर पदवीची तीन आणि बी.एड.ची दोन अशी किमान पाच वर्षे धरावी लागतात. २०१८ मध्ये परिषदेने बी.एड.धारकांनाही पहिली ते पाचवीचे दार उघडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते बंद केले. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि ते पदविकेतच शिकवले जाते, हे न्यायालयाचे म्हणणे शैक्षणिकदृष्ट्या रास्त आहे. परंतु ज्यांनी मधल्या पाच वर्षांत ‘बी.एड. केले की दोन्हीकडे चालते’ या भरवशावर पैसे भरले, त्यांच्या भरवशाची भरपाई कोणी केली नाही. शिक्षकाच्या पदवीचे मोल न्यायालयाच्या एका निकालाने किंवा शासनाच्या एका निर्णयाने रातोरात बदलू शकते. ही जोखीमही खर्चातच मोडते.

ग्रामीण भागात आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळा प्रामुख्याने प्राथमिक आहेत. नववी-दहावीचे वर्ग बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांकडे आहेत. म्हणून बी.एड.धारकाचे भवितव्य संस्थांमधील रिक्त पदांवर अवलंबून राहते आणि तिथे आधी अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होते. ज्याची पदवी गणित-विज्ञानाची किंवा इंग्रजीची आहे, त्याला सहावी ते आठवीच्या विषयशिक्षकाच्या जागांवर तुलनेने बरी संधी असते. मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेऊन बी.ए. आणि मग बी.एड., ही या भागातील सर्वांत रुळलेली वाट. गर्दीही तिथेच सर्वाधिक आहे.

सोयाबीनच्या मापाने

आता प्रत्यक्ष आकडेमोड. फीचे दर महाविद्यालयागणिक निराळे असतात, म्हणून पुढील रकमा केवळ हिशेबापुरत्या गृहीत धरल्या आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपापले आकडे घालावेत. समजा, पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या घरातील मुलगा बाहेरगावी राहून डी.एड. करतो. दोन वर्षांची फी, पुस्तके, पाठांचे साहित्य मिळून ५० हजार. खोली, खानावळ आणि जाणेयेणे मिळून महिना चार हजार, वीस महिन्यांचे ८० हजार. एकूण एक लाख ३० हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्या भावाने ही रक्कम म्हणजे साडेचोवीस क्विंटल सोयाबीन. एकरी पाच क्विंटल उतारा धरला, तर पाच एकरांतील एका हंगामाचे सगळेच्या सगळे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च वजा न करता. शिवाय हमीभाव हाती पडेलच याची हमी कोण देतो? २०२४ च्या हंगामात खुल्या बाजारातील सोयाबीन हमीभावाच्या बरेच खाली विकले गेले होते.

हा झाला दिसणारा खर्च. न दिसणारा खर्च असा, की त्या दोन वर्षांत मुलगा काहीच कमावत नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्याला २५ दिवस काम मिळाले असे धरले, तर ७,८०० रुपये. इतके दिवस काम प्रत्यक्षात मिळत नाही हे खरे. पण पुसदला किंवा नांदेडला दुकानात, गोदामात वा वाहनावर राबणारा तरुण साधारण तेवढे मिळवू शकतो. आठ हजारांनी चोवीस महिन्यांचे एक लाख ९२ हजार होतात. दोन्ही मिळून पदविकेची खरी किंमत सव्वातीन लाखांच्या घरात जाते.

यापुढे कोरा रकाना. पदविका मिळाल्यावर नेमणुकीपर्यंत पाच वर्षे लागली असे धरू. या काळात पदविकाधारक बहुधा विनाअनुदानित शाळेत किंवा शिकवणी वर्गात लागतो. तिथे आठ हजार मिळतात असे मानू. त्याच वयाचा, पण पदविकेच्या वाटेला न गेलेला तरुण एव्हाना हातात कसब येऊन बारा हजारांवर पोचलेला असतो. दरमहा चार हजारांचा फरक, साठ महिन्यांचे दोन लाख ४० हजार. त्यात परीक्षांचे अर्ज, पुस्तके, यवतमाळ-अमरावतीच्या फेऱ्या, एखादा ऑनलाइन वर्ग असे वर्षाला १५ हजार मिळवले की ७५ हजार आणखी. बेरीज तीन लाख १५ हजार. म्हणजे केवळ पाच वर्षांच्या प्रतीक्षेची किंमत संपूर्ण पदविकेइतकी होते. दहा वर्षे लागली तर दुप्पट.

आता मिळकत. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये करण्यात आले. त्याआधी सुमारे दशकभर ते अनुक्रमे सहा, आठ आणि नऊ हजार होते. २०२२-२३ मध्ये रोजगार हमीचा दर २५६ रुपये होता. पंचवीस दिवसांचे ६,४०० होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या सेवकाचे मानधन त्याहूनही कमी होते.

तीन वर्षांनंतर मात्र चित्र पालटते. नियमित वेतनश्रेणीतील प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपयांपासून सुरू होते. २०२५ मधील ५५ टक्के महागाई भत्ता धरला, तर ४५,२६० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा, कपाती वेगळ्या. बी.एड. अर्हतेच्या माध्यमिक शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० पासून. (जिल्हा परिषदेच्या सहावी ते आठवीच्या सर्वच शिक्षकांना पदवीधर वेतनश्रेणी मिळते असे मात्र नाही.) बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, हा या ताळेबंदातील मोठा वजावटीचा आकडा; तरीही गावातील अन्य कोणत्याही उत्पन्नाशी या पगाराची तुलना होत नाही.

सेवक काळातील १६ हजार आणि बाहेरची मिळकत यांत फारसा फरक नसतो, म्हणून ती तीन वर्षे सोडून देऊ. नियमित झाल्यावर बाहेरच्या तरुणाच्या सतरा हजारांपुढे शिक्षकाचे ४५ हजार. फरक महिना २८ हजार, वर्षाला तीन लाख ३६ हजार. अठराव्या वर्षी प्रवेश, विसाव्या वर्षी पदविका, पंचविसाव्या वर्षी नेमणूक आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नियमित झालेला तरुण तिशीत आपला सगळा खर्च भरून काढतो. त्यानंतर अठ्ठावन्नव्या वर्षापर्यंत अठ्ठावीस वर्षे निव्वळ फायद्याची. नेमणूक पस्तिसाव्या वर्षी झाली, तरी याच हिशेबाने खर्च बेचाळिशीच्या सुमारास फिटतो आणि पुढे सोळा वर्षे उरतात.

म्हणजे ज्याला नेमणूक मिळते, त्याला ती कितीही उशिरा मिळाली तरी सौदा फायद्याचाच. इथेच खरी गोम आहे. गावात दिसतो तो नेमणूक मिळालेला. त्याचे घर बांधून होते, दारात मोटारसायकल येते, बहिणीचे लग्न होते. उरलेले नऊ जण दिसत नाहीत, कारण ते पुण्याला कंपनीत, कुठे दुकानात, कुठे शेतातच असतात. दहा जणांची सरासरी काढली तर हिशेब जेमतेम तोट्याबाहेर राहील. पण घर सरासरीवर चालत नाही. एकाच्या पदरात सगळे पडते आणि बाकीच्यांच्या पदरात प्रतीक्षेचे बिल.

विनाअनुदानितची वाट

प्रतीक्षेतील बहुतेकांचा मुक्काम विनाअनुदानित शाळेत असतो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. शासनाने २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानगी देण्याचे धोरण आणले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला गेला आणि हजारो शिक्षकांच्या मनात अनुदानाची आशा जागी झाली. प्रत्यक्षात २०१६ मध्ये २० टक्क्यांचा पहिला टप्पा सुरू झाला आणि पुढचे टप्पे आंदोलनामागून आंदोलने होत सरकत राहिले. ‘आज ना उद्या शाळा अनुदानावर येईल’ या वाक्यावर कित्येकांनी आयुष्याची उमेदीची पंधरा-पंधरा वर्षे काढली आहेत.

वास्तविक खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयी १९७७ चा राज्याचा कायदा आहे आणि मान्यताप्राप्त खासगी शाळेने शिक्षकाला ठरलेल्या श्रेणीप्रमाणे वेतन द्यावे, अशी त्यातील अपेक्षा आहे. व्यवहारात नोंदवहीत एका आकड्यावर सही आणि हातात दुसराच आकडा, हा प्रकार शिक्षकवर्तुळात सर्वपरिचित आहे. तक्रार करावी तर असलेली जागाही जाते, म्हणून कोणी करत नाही.

याहून घातक आहे तो ताळेबंदातील काळा रकाना. ‘संस्थेत जागा आहे, अमुक लाख भरा’ असा निरोप आला, की शेताचा तुकडा विकायला निघणारी घरे आहेत. ती रक्कम कोणत्याही पावतीवर नसते, त्यामुळे परतही मागता येत नाही. अलीकडच्या घटनांनी तर हा मार्ग किती निसरडा आहे हे दाखवून दिले आहे. २०१९-२० च्या टीईटीतील गैरप्रकारात सुमारे ७,८०० उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई होऊन त्यांची संपादणूक रद्द झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले आणि पगार घेत असलेल्यांच्या नेमणुकाच संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या. पैसे देऊन मिळवलेली जागा उद्या चौकशीत गेली, तर जमीनही गेली आणि नोकरीही.

‘हजर न राहता बी.एड.’ हा आणखी एक सापळा. राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार अभ्यासक्रमात ८० टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकालात ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे, आणि वर्षाला दोनशे दिवसांचे काम अपेक्षित आहे. उपस्थितीविना पदवी देऊ करणारे महाविद्यालय त्या सवलतीचे जादा पैसे घेते आणि विद्यार्थ्याला शिकवायला शिकवत नाही. पुढे टीईटी आणि टेटमध्ये त्याची किंमत पुन्हा मोजावी लागते.

ताळेबंद हलका कसा होईल

खर्चाची बाजू कमी करण्याच्या काही वाटा मात्र खऱ्या आहेत आणि त्यांचा उपयोग माहितीअभावी राहून जातो. या परिसरात बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे, तसेच आंध व अन्य आदिवासी कुटुंबेही आहेत. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्गासाठीच्या शिष्यवृत्ती व शुल्कसवलती महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळतात. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय २०२४-२५ पासून अमलात आला. तेव्हा बी.एड.ला जाणाऱ्या मुलीने संस्थास्तरावरील कोट्यात घाईने पैसे भरण्याआधी सामाईक प्रवेश परीक्षा देऊन फेऱ्यांची वाट पाहिलेली बरी. महाविद्यालय सांगते ती फी आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली फी एकच आहे का, हेही ताडून पाहावे.

कर्ज काढायचे झाल्यास आधी हप्ता मोजावा. दीड लाखाचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,१९० रुपये येतो. शैक्षणिक कर्जाची फेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. तेव्हा नेमणूक झालेली नसते, आठ हजारांची शाळा मात्र असते. पगाराचा चाळीस टक्के भाग हप्त्यातच जातो.

मिळकतीची बाजू केवळ जिल्हा परिषदेवर टांगून ठेवण्याचेही कारण नाही. केंद्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांची वाट मोकळी होते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकलव्य निवासी शाळांसाठी तीन वर्षांत ३८,८०० शिक्षक व कर्मचारी नेमण्याची घोषणा झाली होती. या परीक्षांसाठी हिंदी-इंग्रजीची तयारी लागते आणि बदली दूरच्या राज्यात होऊ शकते. गावाजवळच राहायचे ही अट सोडण्याची तयारी असेल, तर दहात एक हे प्रमाण थोडे सुधारते. पुसद आणि पांढरकवडा या दोन्ही आदिवासी प्रकल्पांच्या आश्रमशाळाही आहेत. तिथली भरती वेगळ्या वेळापत्रकाने चालते.

सर्वांत मोठी बचत होते ती प्रतीक्षेला मुदत घातल्याने. टेटच्या दोन संधी, किंवा वयाची सत्ताविशी, अशी एक रेघ प्रवेश घेतानाच आखून ठेवणारे घर पुढचे नुकसान निम्म्यावर आणू शकते. डी.एड. करतानाच पदवी पूर्ण केली, तर टीईटीचे दोन्ही पेपर देता येतात आणि लिपिक, तलाठी यांसारख्या अन्य परीक्षांचे दारही उघडे राहते. नुसत्या पदविकेवर थांबलेल्याला परतीची वाट अवघड जाते.

यापुढचे चित्रही स्थिर नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावयाची आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतील पदांवर टांगती तलवार आली. तांड्यावरची वीस मुलांची शाळा टिकली तरच तिथले पद टिकते. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी अवधी असणाऱ्यांना त्यातून वगळले. इतरांना दोन वर्षांची मुदत दिली. त्यामुळे अनेक वर्षे वर्गावर असलेले गुरुजी आणि नुकतेच पदविका घेतलेले त्यांचे माजी विद्यार्थी एकाच परीक्षा केंद्रावर शेजारीशेजारी बसलेले दिसणे आता शक्य आहे. निकालात दिलेली ती मुदत सप्टेंबर २०२७ च्या आरंभी संपते. २०२५ च्या जूनमध्ये डी.एड.ला प्रवेश घेतलेली तुकडीही त्याच वर्षी बाहेर पडणार आहे.